दादाच्या सुट्टीची बातमी

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. आबा पलटणीतून हवालदार होऊन रिटायर झालेले. त्यांना ताटात मीठ हवं असलं तरी ते परेडीवर उभे असल्यासारखे मागत. आई त्यांच्या वरताण, कारण तिचं म्हणणं चुलीपासून गोठ्यापर्यंत एका दमात पोचायला हवं असे. सकाळी चरवीत पडणाऱ्या धारा, आबांचा रेडिओ, भाकरी थापल्याचा आवाज, मागं उसाला पाणी सोडलेल्या मोटारीची घरघर आणि या सगळ्यावर चढवलेली आमची बोलणी, असा रोजचा दंगा. शेजारची पारूकाकू म्हणायची, "तुमच्यात काय शिजतंय ते मला वास यायच्या आधी कानानं कळतंय." पलूसपासून सायकलीच्या टप्प्यातलं आमचं गाव. घरटी ऊस आणि घरटी एक जण पलटणीत. आमच्या घरातून आधी आजोबा, मग आबा आणि आता दादा. दादा म्हणजे अशोक, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो भरती होऊन सहा-सात महिने झाले होते, ट्रेनिंग चालू होतं. मी चौथीत होते.

मग एका दुपारी ते घर एकदम हळू बोलायला लागलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी घरी जेवायला आले होते. आईनं उडदाचं गरम घुटं वाढलं होतं, मी त्यात भाकरी कुस्करत होते, तेवढ्यात परसदार ढकलून दादा आत आला. उसातून आला होता. पानांनी गाल चिरलेले, पाय सुजलेले, शर्टाचा रंग कळत नव्हता. आई "माझं लेकरू गं!" म्हणून ओरडली आणि दादानं पुढं होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. आईच्या तोंडावर कुणी हात ठेवलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पुढच्या सोप्यातून आबा आले. ते दादाच्या तोंडाकडं बघेनात, त्याच्या आजूबाजूला बघायला लागले.

"ट्रंक कुठाय?" आबांनी विचारलं.

दादानं रिकामे हात पुढं केले.

"रजेचा कागद?"

दादानं मान हलवली. आबांनी जाऊन स्वतः पुढचं दार लावलं. दिवसाढवळ्या आमचं पुढचं दार कधी लागत नसे. परत आले तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली होता की मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. दादा भिंतीला टेकून खाली बसला होता. "न्हाई जमत आबा," तो म्हणाला. "बंदूक हातात आली की हात कापत्यात. शिकवणारे वस्ताद लोक वाईट न्हाईत, कुणी मारलं न्हाई, खायाप्यायाची ददात न्हाई. बाकीची पोरं करत्यातच की. माझ्यातच कायतरी कमी हाय." आबांनी त्याच्या सुजलेल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "आपणहून परत गेलास तर शिक्षा कमी हुईल. धरून न्हेलं तर..." आई म्हणाली, "आवं, चार दिस खाऊ-पिऊ द्या, मग मी घालवते त्याला." त्यावर ठरलं. आठ दिवस. आठ दिवसांत दादानं मन घट्ट करायचं आणि आपल्या पायांनी परत जायचं. तोवर तो आलाय हे कुणाला कळायचं नाही. आबा माझ्याकडं वळले. "सुमे, शाळंत चकार शब्द काढायचा न्हाई." मी मान हलवली. घुटं निवलं होतं, ते तसंच खाऊन मी शाळेत गेले.

ते दिवस मला अजून वासानं आठवतात. मागच्या अंधाऱ्या खोलीत कणग्या होत्या, गुळाच्या ढेपा होत्या, तिथं दादा दिवसभर बसे आणि आईनं दिलेल्या शेंगा फोडत राही. आबा रेडिओ आधीच्या दुप्पट मोठा लावत, आतलं खोकणं बाहेर जाऊ नये म्हणून. आई त्याच्या आवडीचं करायची, पावट्याची आमटी, डांगर, दुधातल्या शेवया, आणि ताट पदराखाली झाकून आत न्यायची. पारूकाकूनं विचारलं तर म्हणायची, "सुमीची भूक वाढलीया." माझी भूक तर मेलीच होती. मी शाळेतून आले की आधी त्या खोलीत जाई. पहिले दोन दिवस दादा बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवार होता तो, त्यानं मला माझ्या मैत्रिणींची नावं विचारली आणि एका नावाला हसला. मग शेंगांची टरफलं गोळा करता करता म्हणाला, "सुमे, मी जातो बघ बहुतेक. सोमवारपतुर मला कुणी हलवू नगा. मग मी आपणहून जातो." हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं, आबांनाही नाही, मलाच सांगितलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तो आनंद पोटात मावेना, हीच माझी खोड.

आता शाळेचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच झालं. दोन खोल्यांची शाळा, कुंभार गुरुजी आणि एक बाई. प्रार्थना आणि प्रतिज्ञा झाली की गुरुजी 'गावची खबर' घेत. रोज एकाची पाळी. त्यानं गावातली एक बातमी आणायची, डोळ्यांनी पाहिलेली. कुणाच्या घरात पाळणा हलला, कुणाची विहीर लागली, कुणाचा पाय मोडला. भांडण, दारू, कुणाच्या घरातलं उणंदुणं आणायचं नाही. आणि ज्याची बातमी त्याचं नाव मानानं घ्यायचं, मग तो कुणी का असेना. ती बातमी गुरुजी फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर वळणदार अक्षरात लिहीत आणि खाली बातमी आणणाऱ्याचं नाव. डेअरीला जाणारी माणसं, गिरणीला जाणाऱ्या बाया तिथं थांबून वाचत. पोलीसपाटील तर सायकलवरून उतरून वाचायचे. गुरुजींच्या वडिलांना उभ्या गावानं आयुष्यभर "ए कुंभारा" अशीच हाक मारली होती. गुरुजींनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही, गावालाच माहीत होतं.

एकदा आटपाडीकडचे एक धनगर आमच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायला आले होते, म्हाळू नावाचे. शेतकरी त्यांना हाका मारायचे त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. एका मुलानं खबर आणली, "म्हाळ्याच्या मेंढीला तीन पिल्लं झाली." गुरुजींनी ऐकून घेतलं, फळ्यावर लिहिलं, "श्री. म्हाळूमामा यांच्या कळपात तीन कोकरांचा जन्म," आणि दुपारी सगळी शाळा रांगेनं शिवारात नेली. आम्ही साठ-सत्तर पोरं मेंढरांसमोर हात जोडून उभी. म्हाळूमामा इतके गोंधळले की घोंगडं डोक्यावर घेऊ का खांद्यावर हेच त्यांना कळेना. गुरुजींचं म्हणणं असं की ज्याचा मान करायचा त्याला आपल्या दारात बोलवायचं नाही, आपण चालत त्याच्या दारात जायचं. आणि जवान सुट्टीवर आला तर हे ठरलेलंच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळी पोरं त्याच्या दारात जाणार, सलामी देणार, गुरुजी टॉवेल-टोपी देणार आणि हातात नारळ ठेवणार.

मी आता मलकापुरात मुलाकडं असते. नातीच्या शाळेचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात दिवसभर कुणाकुणाचं अभिनंदन चालू असतं. परवा एका जवानाच्या सत्काराचे फोटो आले, पोरं ओळीनं उभी, हातात झेंडे. सून म्हणाली, "आई, बघा किती गोड." मी फोन पालथा ठेवला आणि गवारी निवडायला घेतली.

तर गुरुवारचं. प्रार्थनेच्या रांगेत माझ्यामागं वसंती उभी होती, तिच्या चुलत्याचं, नानांचं, शेत आमच्या शेताला लागून. ती कानाशी येऊन म्हणाली, "तुझा दादा पळून आलाय व्हय गं? आमच्या नानांनी उसातनं जाताना बघितला. चोरावानी चालला हुता म्हणं." माझं डोकं सणकलं. प्रतिज्ञा संपली, सगळे खाली बसले, खबरीची पाळी दुसऱ्याच मुलाची होती, तो उठतही होता. मी हात वर केला आणि गुरुजींनी परवानगी द्यायच्या आत बोलले. "माझे बंधू जवान अशोक सुट्टीवर आले आहेत." नऊ वर्षांच्या डोक्याचा हिशोब सरळ होता. फळ्यावर जे येतं ते खरं असतं, पोलीसपाटीलसुद्धा मानतात. एकदा तिथं 'सुट्टीवर' असं लिहिलं गेलं की वसंतीचे नाना काय वाटेल ते बोलोत. आणि सोमवारी तर दादा जाणारच होता. गुरुजींचा चेहरा असा फुलला, दादा त्यांचाच विद्यार्थी. त्यांनी खडू घेतला. बातमीखाली माझं नाव लिहिलं, कुमारी सुमन, इयत्ता चौथी, आणि शनिवारी आपण त्यांच्या दारात जाणार असं जाहीर केलं. ते ऐकलं आणि मग मला कळलं मी काय केलं.

संध्याकाळी घरी गेले तर पुढचं दार सताड उघडं. सोप्यात पारूकाकू बसलेली, तिच्या मांडीवर लाडवाचा डबा. समोर दादा, आबांचा धुतलेला शर्ट घालून. काकूचा मुलगा मारुती दादाच्याच ट्रेनिंग सेंटरला होता. "आरं, येवढे न्हे माझ्या मारत्याला. वाळला का रं लय? चिठ्ठीत काय लिवत न्हाई मुडदा." दादा म्हणत होता, "बरा हाय काकू, मजेत हाय." ती उठली तोवर दुसरी आली, मग तिसरी. शेवटी पोलीसपाटील आले, अगदी प्रेमानं आले. "गड्या, अंगानं उतरलास की. किती दिसाची सुट्टी?" दादानं आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "म्हैनाभराची हाय." आबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते चांगलं जमलं त्यांना. सगळे गेल्यावर आबांनी दाराला कडी घातली आणि कोपऱ्यात माझ्याकडं बघितलं. का ते कुणी विचारलं नाही. आई तर माझ्याकडं बघेचना. दादाच म्हणाला, "तिला काय कळतंय, ऱ्हाऊ द्या." त्यांनी मला बडवलं असतं तर फार बरं झालं असतं.

शुक्रवारी दादा जेवला नाही. म्हणायला लागला, "मी म्हाबळेश्वराला जातो. हाटेलात कपबशा धुतो, कुणी वळखत न्हाई. पर उद्या त्या पोरांफुडं मी उभा ऱ्हानार न्हाई. मला सलामी नगं." आबा म्हणाले, "आज पळालास तर आख्खं गाव बोलंल. मग माझ्यापाशी बाप म्हणून येऊ नगंस." बोलून गेले आणि त्यांचेच डोळे भरले. आई मधल्या उंबऱ्यावर बसून होती, कुणालाच जाऊ देईना. मला म्हणाली, "गुरुजींस्नी जाऊन सांग, दादाला ताप आलाय, येऊ नगा म्हणावं." मी धावत गेले. शाळेच्या अंगणात मुली झेंडूचा हार ओवत होत्या, बाई पहिलीच्या पोरांना सलामी शिकवत होत्या. पोरं डावाच हात वर करत होती आणि हसत होती. गुरुजी नवी टोपी हातावर घेऊन तिच्या घड्या मोडत होते. मी म्हटलं, "गुरुजी, दादाला ताप आलाय." खरं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. गुरुजी म्हणाले, "ताप? अरेरे. मग तर यायलाच हवं, सुमन. आजारी माणसाला विचारायला जाणार नाही असं होईल का? गडबड करणार नाही आम्ही. उभं राहू आणि येऊ." मी "बरं" म्हणाले आणि परत आले. ते "बरं" मला आजही टोचतं.

शनिवारी पोरं आली. इतकी पोरं एकही शब्द न बोलता चालत आलेली मी पुन्हा पाहिली नाहीत. तापाचं म्हणून गुरुजींनी त्यांना पायसुद्धा हळू टाकायला सांगितलं होतं. पोलीसपाटील, पारूकाकू, आणखी वीसेक माणसं कडेनं उभी. मला गुरुजींनी पहिल्या रांगेत घेतलं, कारण बातमी माझी होती. दादा अंगणात आला. आबांनी त्याची दाढी केली होती. सत्तर हात कपाळाला गेले, माझाही गेला. गुरुजींनी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. "अशोकराव, या शाळेला तुमचा अभिमान आहे," म्हणाले आणि नारळ पुढं केला. दादाचे हात पुढं आले आणि थरथरायला लागले. नुसते बोटांत नाही, खांद्यापासून. नारळ निसटला, दगडावर आपटला, फुटला, पाणी पोरांच्या पायांपर्यंत आलं. पहिलीतलं एक पोर हसलं आणि लगेच गप्प झालं. गुरुजींनी दादाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना कळलं. मी त्यांना कळताना बघितलं. त्यांनी मान न वळवता बाईंना सांगितलं, "मुलांना घेऊन जा. ताप आहे त्यांना."

माणसं पांगल्यावर सोप्यात दादानं सगळं सांगितलं. गुरुजी ऐकून म्हणाले, "अशोकराव, मी येतो तुमच्याबरोबर मिरजेपर्यंत." दादानं डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या पायांवर ठेवली. "गुरुजी, राव म्हनू नगा. मला अरे म्हना. अशोक्या म्हना. दोन थोबाडीत द्या, पर येवढं राव म्हनू नगा." गुरुजींना ते जमलं नाही. सत्तर पोरांना त्यांनी जे शिकवलं होतं ते त्यांच्याच जिभेवरून निघेना. "उठा," एवढंच म्हणाले. सोमवारपर्यंत थांबणं आता शक्य नव्हतं. वीस माणसांनी ते हात बघितले होते, आणि पोलीसपाटील जाताना दोनदा मागं वळून बघून गेले होते. आईनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पारूकाकूचा लाडवाचा डबा एका पिशवीत भरला. दुपारच्या गाडीनं आबा आणि गुरुजी त्याला मिरजेला घेऊन गेले, रेल्वेत जागा बघून बसवलं, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. निघताना दादा मला म्हणाला, "अभ्यास कर गं." मी परसात तोंड लपवून उभी होते. मी वर बघितलंसुद्धा नाही.

दादा सेंटरला पोचलाच नाही. दोन आठवड्यांनी आबांच्या नावावर कागद आला, आपला मुलगा कुठं आहे ते कळवा. मिरज आणि सेंटर यांच्यामध्ये कुठल्या स्टेशनावर तो उतरला, कुणाला माहीत नाही. आबा महाबळेश्वरला दोनदा जाऊन आले. एकदा ऐन पावसात गेले. समोरचा माणूस दिसत नाही असल्या पावसात ते हॉटेलांच्या मागच्या दारांनी फोटो दाखवत फिरले. परत आले ते ताप घेऊन, आणि त्यानंतर आमच्या घरात पुन्हा कुणी मोठ्यानं बोललं नाही. आबा गेले तेही हळूच गेले. दादा आज असला तर सत्तरीला टेकला असेल. असला तर.

शाळेत मला कुणी काही बोललं नाही. एकानंही नाही, वसंतीनंसुद्धा नाही. कुणाच्या घरातलं उणंदुणं काढायचं नाही, हे पोरांनी पुरतं अंगी बाणवलं होतं. मी वाट बघायचे. कुणीतरी म्हणावं 'पळपुट्याची बहीण', मी तिच्या झिंज्या उपटाव्या, तिनं माझ्या उपटाव्या, आणि हे पोटातलं एकदाचं बाहेर पडावं. पण सगळे माझ्याशी गोड बोलायचे. गुरुजींनी जवानांच्या दारात शाळा न्यायचं बंद केलं. दर रविवारी ते आमच्याकडं येत, सोप्यात बसत, आबांशी पाऊसपाण्याचं बोलत आणि चहा न घेता जात. बदली होईपर्यंत आले. आई त्यांच्यासमोर कधी बाहेर आली नाही.

आई शेवटी माझ्याजवळच होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं दादाचा विषय माझ्याजवळ काढला नव्हता. जायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती तोंड पुढं करून बसली होती, म्हणजे मला तिचा चेहरा दिसत नव्हता. म्हणाली, "सुमे, त्या दिशी शाळंत तू का सांगितलंस गं?" पन्नास वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते आणि उत्तरही तयार होतं. वसंतीचं, फळ्याचं, सोमवारचं, सगळं. पण तोंडातून दुसरंच आलं. मी म्हटलं, "गुरुजींनी विचारलं आई. सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, मग सांगावंच लागलं."

आईनं हळूच मान हलवली. "मला ठाऊकच हुतं," ती म्हणाली. "तू आपणहून सांगायची न्हाईस." मग हात मागं घेऊन तिनं माझा हात चाचपला आणि कुरवाळला, कितीतरी वेळ. त्यानंतरचे दिवस ती माझ्याशी लहानपणासारखी बोलली, खळखळून बोलली, आणि कुंभार गुरुजींना नावं ठेवत गेली. गुरुजी तर तिच्या कितीतरी आधी गेलेले. त्यांच्या मुलाबाळांपैकी कुणाच्या हाती हे लिखाण पडलं तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते. गुरुजींनी मला काहीही विचारलं नव्हतं.